ऊन कुणाच्या बापाचं नाही

बागेच्या मागच्या फाटकातून आत शिरलं की उजव्या हाताला घोड्यांचं एक जुनं चक्र लागतं. त्या चक्राच्या मालकिणीला खरं नाव होतं, पण ते तिच्या मुलालाही चटकन आठवत नसे. मुलं तिला घोडेआजी म्हणत, मुलांचे आईबाप घोडेआजी म्हणत, आणि एकदा बँकेतल्या माणसानेही खिडकीतून "घोडेआजी, सही इथे" असं सांगितलं, तेव्हा तिने तो विषयच सोडून दिला.

चक्रावर अकरा घोडे होते आणि एक जिराफ. जिराफही मुळात घोडाच. एका दांडगट मुलाने मानेला लोंबकळून ती मोडली आणि नवी मान बसवताना सुताराचं माप चुकलं. मान आली ती हातभर जास्त लांब. घोडेआजीचा नवरा कपाळाला हात लावून बसला. ती तेव्हा नुकतीच लग्न होऊन आली होती. तिने पिवळा रंग आणला, ब्रशने तपकिरी ठिपके मारले आणि म्हणाली, "हा आता जिराफ." तेव्हापासून चक्रावरची निम्मी भांडणं जिराफावरून होतात.

ती होतीच तशी. एखादी गोष्ट बिघडली की तिचं भलतंच काहीतरी करून टाकायची आणि वर ठासून सांगायची, मला हेच तर हवं होतं.

नवरा गेला तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरलं की आता चक्र मोडीत जाणार. मुलगा शहरातली बस चालवायचा. माणूस सरळ, पण घरातसुद्धा सिग्नल बघून बोलणारा. आईचा चेहरा जरा हिरवा दिसला तेव्हा त्याने विषय काढला.

"आई, बास झालं आता. तुझ्याच्याने होणार आहे का हे?"

"का? घोडे थकले?"

"घोडे लाकडाचे आहेत, आई."

"मग मी कशाची आहे ते कळेल तुला हळूहळू."

त्याची बायको, म्हणजे घोडेआजीची सून, एका दुकानात विक्रीला उभी राहायची. त्या दुकानातल्या सगळ्या वस्तू उन्हावर चालायच्या. अंगणात खोचायचे दिवे, फोन चार्ज करणाऱ्या घडीच्या पाट्या, रेडिओ, कॅल्क्युलेटर, मनगटी घड्याळं, आणि एक टोपी, जिच्या पुढच्या बाजूला इवलासा पंखा होता. ऊन पडलं की पंखा कपाळावर वारा घालायचा. सून दुकानात जाता-येता हीच टोपी घालायची. तिच्याबरोबर रस्त्याने चालायला घोडेआजीला लाज वाटे.

"डोक्यावर पंखा फिरतोय आणि डोक्याच्या आत काय फिरतंय देव जाणे," असं ती शेजारणीला सांगायची.

सासू-सुनेचं वाकडं नव्हतं, पण सरळही नव्हतं. एका वाढदिवसाला सुनेने तिला उन्हावर चालणारा कंदील भेट दिला. पंधरवड्याने घोडेआजीने सगळ्यांदेखत तक्रार केली, की हा दिवा काही लागत नाही, तुझं दुकान लोकांना फसवतं.

"कुठे ठेवलाय, आई?"

"कपाटात. चांगला जपून."

सून हसू आवरायला म्हणून उठून आत गेली. ते हसू घोडेआजीने पाहिलं आणि तेव्हापासून त्या दुकानाला ती खेळण्यांचं दुकान म्हणायला लागली. बारा लाकडी जनावरांवर पोट भरणाऱ्या बाईने दुसऱ्याच्या धंद्याला खेळणी म्हणावं, यातली गंमत तिच्या लक्षात आली नाही. किंवा आली असेल. तिने तसं दाखवलं नाही.

मग बागेत काचेचं खेळघर आलं.

बागेचा पुढचा अर्धा भाग एका ठेकेदाराने चालवायला घेतला. तिथे त्याने मोठी काचेची इमारत उठवली. आत थंडगार हवा, भिंतीएवढे पडदे, टक्कर मारायच्या गाड्या, उड्या मारायचे गाद्यांचे डोंगर. दिवसाढवळ्याही आत इतके दिवे, की बाहेर आल्यावर मुलांना ऊन मिणमिणतं वाटावं. घोडेआजीला त्याचं वाईट वाटलं नाही. ज्याला टकरा मारायच्या त्याने माराव्यात, ज्याला घोड्यावर बसायचंय तो इकडे येईल, असं तिचं साधं गणित होतं.

पण ठेक्याबरोबर बागेतली वीजही ठेकेदाराच्या हाताखाली गेली होती. एक दिवस तो स्वतः चक्रापाशी आला. तरणाताठा माणूस, बोलायला गोड.

"आजी, तुमचं चक्र म्हणजे बागेची शान आहे. मला वाटतं याचा योग्य मान राखावा. आमच्या दारात, काचेच्या पेटीत, तुमचा एक घोडा ठेवू. वर दिवा सोडू. खाली पाटी लावू."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे... जागा मोकळी होईल. इथे गाड्या लावायची सोय करता येईल."

घोडेआजीने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "पेटीत मेल्यावर ठेवतात," ती म्हणाली. "माझे घोडे जिवंत आहेत. तुम्हाला बसायचं असेल तर रांगेत उभे राहा."

आठवड्याने चक्राची वीज तोडली गेली. कारण सांगितलं की तारा जुन्या झाल्यात, मुलांच्या जिवाला धोका आहे. हे अगदीच खोटं नव्हतं. नवऱ्याने ओढलेल्या त्या तारांना जागोजागी चिकटपट्टीच्या पट्ट्या बांधल्या होत्या आणि एका खांबाला हात लागला की झिणझिण्या यायच्या. घोडेआजीला हे ठाऊक होतं. पण शत्रूच्या तोंडून खरं ऐकलं की माणसाला ते खोटंच वाटतं. ती तडक बागेच्या कचेरीत गेली.

बागेचा साहेब वयस्कर, पोटाच्या दुखण्याने सदा बेजार असलेला माणूस होता. त्याने तिला खुर्ची दिली.

"विजेचं मला विचारू नका, बाई. ते त्यांच्याकडे. नवी जोडणी द्यायची की नाही तेही त्यांच्याकडे."

"आणि जागा?"

"जागा अजून माझ्याकडे. पण परवाना चालत्या खेळाचा आहे. चक्र सलग महिनाभर बंद राहिलं, तर जागा परत घ्यावी लागते. मग ती कुणाला जाईल हे तुम्हाला सांगायला नको."

"म्हणजे चक्र फिरलं पाहिजे."

"फिरलं पाहिजे."

"कशावर फिरलं पाहिजे, असं काही आहे का त्यात?"

साहेबाने पोटावरचा हात काढला आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "नाही," तो म्हणाला. "असं काही नाही."

दुसऱ्या दिवशी घोडेआजीने बाह्या वर सारल्या, मधल्या खांबाची आडवी दांडी धरली आणि चक्र हाताने ढकलायला लागली. पहिल्यांदा ते हललंच नाही. मग कुरकुरलं, मग एक घोडा पुढे सरकला, त्याच्यामागे दुसरा. मुलांना वाटलं हा नवाच प्रकार आहे. कुणाचा बाप पुढे झाला, कुणाची आई. रोज फेऱ्या मारणारे एक निवृत्त गृहस्थही मदतीला आले. ते तिच्या नवऱ्याचे जुने मित्र. तरुणपणी बागेतल्या वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवायचे, आता नुसतेच गोल गोल चालायचे, म्हणून सगळे त्यांना फेरीकाका म्हणत.

"वहिनी," ते धापा टाकत म्हणाले, "हा घोडा चालवायचा खेळ आहे की स्वतः घोडा व्हायचा?"

"दोन्ही. ढकला, भाऊजी."

चक्र फिरत राहिलं आणि आठवडाभराने घोडेआजीची कंबर धरली. दुपारी ती अशी काही मटकन बसली की उठताच येईना. मुलांना घरी पाठवून ती चक्राच्या फळीवर, घोड्यांच्या खुरांमध्ये आडवी पडून राहिली. वरच्या छताचा रंग उडालेला दिसत होता. नवऱ्यावर ती रागावली. इतकी वर्षं तेल घातलंस, तारा बदलायला काय झालं होतं, असं तिने मनातल्या मनात त्याला फैलावर घेतलं. तेवढ्यात छताच्या आणि तिच्या मधे एक टोपी आली. टोपीवरचा पंखा भिरभिरत होता.

"आई, उठता येतंय?"

"येतंय. उठायचं नाहीये."

सून तिच्या शेजारी फळीवर बसली. मग सुनेने टोपी काढली आणि घोडेआजीच्या पोटावर ठेवली. उन्हाचा एक पट्टा छताखालून आत येत होता, तो तिच्यावर पडला होता. पंखा फिरायला लागला. सुनेने टोपीवरच्या इवल्या पाट्यांवर तळहात धरला. पंखा थांबला. हात काढला. पंखा सुरू.

"काय पोरखेळ लावलायस?"

"आई, हे चक्र उन्हावर फिरेल."

"ऊन काय बैल आहे जुंपायला?"

"बैलच आहे. फक्त चारा मागत नाही."

सून सांगत राहिली. एका जुन्या हॉटेलच्या छतावरच्या सोलर पाट्या उतरवून दुकानात आणल्यात. कोपरे चेपलेत, पण काचा धड आहेत आणि मालकाला त्या कशाही करून काढायच्या आहेत. दुकानातल्या मिस्त्रीकडे बॅटरीवर चालणाऱ्या सामानगाडीची मोटर पडून आहे. मोठ्या बॅटरीचं नंतर बघू. तूर्त ऊन थेट मोटरला. सुरुवातीचा धक्का हाताने द्यावा लागेल. एकदा गती धरली की पुढचं ऊन बघेल.

"आणि ढग आला तर?"

"तर घोडे दमतील."

घोडेआजीने पोटावरच्या टोपीकडे बघितलं. "तुझा नवरा काय म्हणतो?"

"त्यांना अजून विचारलं नाही. सिग्नल लाल असता."

घोडेआजीला हसू फुटलं आणि त्याबरोबर कंबरेत अशी कळ आली की हसता हसता ती ओरडली. सून घाबरली. मग तीही हसायला लागली. या दोघी एकत्र हसल्या असा हा पहिलाच प्रसंग असावा.

मुलाला कळलं तेव्हा तो म्हणाला, "अगं, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?" पण आई आणि बायको दोघी एका बाजूला बसलेल्या पाहून त्याने विषय तिथेच सोडला. सुट्टीच्या दिवशी येऊन त्याने जुन्या तारा एकन् एक उपटून काढल्या, नव्या घातल्या आणि झिणझिण्या देणारा खांब स्वतः हात लावून तपासला.

पाट्या चक्रामागच्या मोकळ्या तुकड्यात उभ्या राहिल्या; तोवर रोज थोडा वेळ फेरीकाका आणि मुलांचे आईबाप चक्र हाताने फिरवत राहिले. खांबाला सुनेच्या दुकानातला उन्हावरचा रेडिओ टांगला, कारण गाणी वाजवणारा जुना भोंगाही विजेबरोबर मुका झाला होता. रेडिओवर जे लागेल ते. कधी गाणं, कधी बातम्या. कांदा-बटाट्याचे भाव ऐकत मुलं घोडे उधळायची आणि भाव चढले की उगाच आरोळ्या ठोकायची.

पहिल्या दिवशी घोडेआजीने दांडीला धक्का दिला आणि हात सोडला. चक्र फिरत राहिलं. ती तशीच हात पसरून उभी राहिली, मूल पहिलं पाऊल टाकताना आई राहते तशी. मग तिच्या लक्षात आलं की लोक बघतायत, तेव्हा तिने हात पाठीमागे बांधले आणि जणू काही हे रोजचंच आहे अशा थाटात उभी राहिली.

तेवढ्यात ढग आला. घोडे मंदावले. जिराफावरची मुलगी वर बघून जोरात ओरडली, "ए, हट!" बाकीच्यांनी तिचं ऐकून एकच गिल्ला केला. ढग सरकला, चक्र पुन्हा वेगात आलं, आणि ढग आपणच हाकलला याबद्दल त्या मुलीच्या मनात तिळमात्र शंका उरली नाही. घोडेआजीने तिथल्या तिथे नियम करून टाकला: ज्याच्या फेरीत ढग येईल त्याला पुढची फेरी फुकट. परिणाम असा झाला की मुलं आकाशाकडे बघून रांगेत मागे-पुढे व्हायला लागली. निरभ्र दिवशी ती कुरकुरायची. सून म्हणाली, "आई, हा नियम आपल्याच अंगावर येईल." आला तर येऊ दे, असं घोडेआजी म्हणाली, तिला तो मोडायचा नव्हता.

ठेकेदाराने हे सगळं काचेतून पाहिलं. तो भांडायला आला नाही. त्याने खेळघराच्या हद्दीत, चक्राच्या बाजूला, लोखंडी सांगाडा उभा केला आणि त्यावर दोन मजली उंचीचा जाहिरातीचा फलक चढवला. फलकावर एक मूल दात काढून हसत होतं. दुपार कलली की त्या मुलाची सावली बरोबर पाट्यांवर पडायची. आणि गिऱ्हाईक यायचं ते शाळा सुटल्यावर, म्हणजे दुपार कलल्यावरच.

पहिल्याच दिवशी चक्र भरगच्च असताना सावली सरकत आली आणि घोडे थांबले. नुसते थांबले नाहीत, एका लहान मुलाचा घोडा नेमका वर जाऊन अडकला. ते मूल रडायला लागलं. त्याला उतरवून घेताना त्याची आई घोडेआजीला म्हणाली, "अहो, परवडत नसेल तर बंद करा ना. मुलं घाबरतात."

हे घोडेआजीच्या जिव्हारी लागलं. ती ठेकेदाराकडे गेली. काचेच्या दारातून ती पहिल्यांदाच आत जात होती.

"फलक हलवा."

"आजी, माझ्या जागेत मी फलक लावलाय. ऊन काही तुमच्या नावावर नाही."

"तुमच्या तरी नावावर आहे का?"

"सावली माझी आहे," तो हसून म्हणाला.

उत्तर न सुचून घोडेआजी परतली, आणि उत्तर सुचलं नाही याचाच तिला जास्त राग आला. बागेच्या साहेबानेही हात वर केले; सावलीबद्दल कुठलाच नियम नव्हता. दोन दिवस चक्र फक्त सकाळी फिरलं, तेही कडेवरच्या मुलांसाठी. सून दुकानातून येऊन मुकाट्याने पाट्या पुसायची. मुलाने पुन्हा विषय काढायला तोंड उघडलं आणि मिटलं.

तिसऱ्या दिवशी घोडेआजी फाटकाबाहेर भाजी घ्यायला उभी होती. भाजीवाल्याने तिच्या हातात पिशवी दिली आणि बोलता बोलता हातगाडी चार हात पुढे ढकलली.

"का रे सरकवलीस?"

"सावली सरकली ना, आजी. पालेभाजी सुकते उन्हात. दिवसभर सावलीमागे पळायचं, दुसरं काय."

घोडेआजी भाजी तिथेच ठेवून परत फिरली. भाजीवाला मागून हाका मारत राहिला.

संध्याकाळी सून आली तेव्हा सासू चक्राच्या पायरीवर तिची वाट बघत बसली होती. "हे बघ," ती म्हणाली, "भाजीवाला सावली बघून गाडी हलवतो. आपण ऊन बघून हलवू. पाट्यांना चाकं लाव."

सुनेने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "आई," ती म्हणाली, "हे मला सुचायला हवं होतं."

"तुला टोप्या सुचतात. पुरे तेवढं."

भाजीवाल्याच्या ओळखीने एक रिकामी हातगाडी मिळाली. मिस्त्रीने तिच्यावर पाट्या तिरक्या बसवल्या. लांबलचक तार झाडांना पाणी घालायच्या जुन्या नळीत ओवली, म्हणजे कुणाचा पाय अडकायला नको. आता दुपार कलली आणि फलकावरच्या मुलाची सावली यायला लागली की घोडेआजी शिट्टी मारायची आणि गाडी पुढे ढकलायची. सावली पुढे आली की गाडी आणखी पुढे. कधी कारंज्याच्या कडेला, कधी गुलाबाच्या वाफ्यापाशी. फेरीकाका म्हणाले, "नाहीतरी मी चालतोच, मग ढकलत चालतो." डॉक्टरने त्यांना व्यायाम सांगितलाच होता.

लवकरच मुलंही गाडीला हात लावायला धडपडू लागली. एका दुपारी घोडेआजी गाडी घेऊन थेट फलकाच्या पायथ्याशी, त्याच्या उन्हाच्या बाजूला जाऊन उभी राहिली. तिथून ठेकेदाराच्या खोलीची खिडकी दिसायची. तो खिडकीत आला.

"कोंबडं झाकलंत हो तुम्ही!" ती खालून ओरडली. "पण उजाडलं ते उजाडलंच!"

ठेकेदाराने तक्रार केली, की उघड्यावर तारा टाकल्यात, धोका आहे. साहेब पाहणीला आला. त्याने नळी उचलून बघितली, मोटर बघितली, खांबांना हात लावून बघितलं. सुनेने त्याला सगळं दाखवलं. त्याने चार प्रश्न विचारले, ते चांगले प्रश्न होते, आणि त्यातल्या एकावरून सुनेने गाडीच्या चाकांना ब्रेक बसवायचं कबूल केलं. मग तो चक्राकडे वळला.

"रोज फिरतं?"

"रोज."

"एकही दिवस बंद नाही?"

"काही दिवस अर्धा वेळ होतं. सकाळचं फिरलं."

ती खोटं बोलली असती तरी चाललं असतं, हे साहेबालाही कळलं. "अर्धा वेळ म्हणजे बंद नव्हे," तो म्हणाला, आणि पोट धरून कचेरीकडे निघून गेला. त्या हंगामात परवाना पुढच्या मुदतीसाठी वाढला.

मग ठेकेदार दुसऱ्यांदा चक्रापाशी आला. या वेळी बरोबर फोटो काढणारा माणूस होता. खेळघर किती वीज खातं याबद्दल लोकांत कुजबुज सुरू झाली होती, पालक विचारत होते, आणि त्याला सांगायला काहीतरी हिरवं हवं होतं.

"आजी, भांडण मिटवू. फलक मी उतरवतो. उद्याच. तुमच्या छतावर आमचं नाव येईल, एवढंच. 'उन्हावर चालणारं आमचं चक्र.' तुम्हाला नव्या पाट्या, मोठी बॅटरी, सगळं माझ्याकडून. गाडी ढकलायला नको या वयात."

सून तिथेच होती. मोठी बॅटरी म्हणजे काय ते तिला चांगलं कळत होतं. तिने सासूकडे पाहिलं. घोडेआजीचा हात कंबरेवर गेला. कंबर रोज रात्री बोलत होती तिच्याशी.

"'आमचं' म्हणजे कुणाचं?" तिने विचारलं.

"म्हणजे... सगळ्यांचंच."

"सगळ्यांचं असेल तर तुमचं नाव कशाला?" ती उठली. "फलक राहू द्या. तुमचा तो पोरगा हसतोय, त्याला बघत गाडी ढकलायची सवय झालीय मला. आणि त्या दिवशी तुम्हाला उत्तर द्यायचं राहिलं होतं. सावली तुमची म्हणालात ना? घ्या, सगळी घ्या. सावलीत कुणाचं काही चालत नाही."

फोटोवाल्याला तेवढ्यात हसू आलं. ठेकेदार निघून गेला. सून बराच वेळ पाट्या पुसत राहिली.

"बॅटरी चांगली होती, आई," ती शेवटी म्हणाली.

"माहितीय मला."

"मग?"

"मग आपण घेऊ. सावकाश. आपल्या नावाची."

आणि त्यांनी घेतली, सावकाश. चक्राच्या कमाईतून एक बॅटरी आली. नंतर दुसरी हातगाडी आली, कारण फेरीकाकांनी एक गोष्ट मनात धरली होती.

बागेच्या मधोमध गोल छताचा एक चौथरा होता. पूर्वी सुट्टीच्या दिवशी तिथे वाद्यवृंद वाजायचा. बाग ठेक्याने दिल्यापासून चौथऱ्यावरच्या विजेचं भाडं ठेकेदार लावायचा, आणि ते वाजवणाऱ्या म्हाताऱ्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. त्यांच्यातली गायिका आता पूर्वीइतकी ठणठणीत राहिली नव्हती, माइकशिवाय तिचा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचत नसे. म्हणून सगळेच घरी बसले होते.

"वहिनी," फेरीकाका म्हणाले, "तुमच्या उन्हाला माइक चालेल का हो?"

घोडेआजीने सुनेकडे पाहिलं. सुनेने दुकानाकडे धाव घेतली.

एका सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, म्हातारे चौथऱ्यावर चढले. दुपारची वेळ ऐकून लोकांनी आधी वेड्यात काढलं होतं. गाण्याचा कार्यक्रम संध्याकाळी करतात. पण घोडेआजी म्हणाली, ऊन दुपारी असतं, तर गाणंही दुपारी. लोक छत्र्या घेऊन आले. मुलगा बसची पाळी बदलून आला होता आणि दुसरी गाडी सांभाळत उभा होता. त्याच्या डोक्यावर बायकोची पंख्याची टोपी होती आणि त्याचं त्याला काहीच वाटत नव्हतं. फेरीकाकांनी क्लॅरिनेट ओठांना लावलं. पहिला सूर फाटका निघाला, दुसरा बरा, तिसऱ्याला छत्र्यांखालची कुजबुज थांबली. गायिकेने माइक हातात घेतला, डोळे मिटले आणि आवाज थेट फाटकापर्यंत गेला.

पहिलं गाणं संपता संपता खेळघराचा सुरक्षारक्षक लगबगीने आला. घोडेआजी चौथऱ्याच्या पायरीवर बसली होती.

"आजी, हे बंद करायला सांगितलंय. नाहीतर कनेक्शन तोडायचं म्हणाले."

"कुठलं कनेक्शन?"

रक्षकाने चौथऱ्याचा विजेचा खांब पाहिला. त्याला काहीच जोडलेलं नव्हतं. त्याने तार कुठून येते ते शोधलं. नळी पायरीवरून उतरून गवताच्या कडेने शेजारच्याच हातगाडीकडे गेली होती, आणि गाडीच्या वर फक्त आकाश होतं. त्याने वर पाहिलं आणि डोळ्यांवर आडवा हात धरला.

"तोड," घोडेआजी म्हणाली. "तुझ्या साहेबाला म्हणावं, शिडी पाठव."

रक्षक तिथेच उभा राहिला. माणूस गरीब होता, दिवसभर काचेआड उभं राहून त्याचे पाय सुजलेले होते. चौथऱ्यावर दुसरं गाणं सुरू होत होतं.

"आता उभा का? ऐकायचं असेल तर बस," तिने पायरीवर सरकून त्याला जागा दिली. "आणि जायचं असेल तर जरा बाजूने जा. पाट्यांवर सावली पडतेय तुझी."

त्याने एकदा खेळघराकडे पाहिलं, मग पाट्यांवरची आपली सावली पाहिली, आणि ती तिथून काढायला म्हणून तो खाली बसला.